ओल्या पंच्याचे हवामान

तात्यासाहेबांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या व्हरांड्यात झाली. भूगोलशिक्षकाच्या जागेसाठी मी प्रशस्तिपत्रांची चळत घेऊन अलिबागेहून नाशकास आलो होतो. भूगोलाचे प्रमुख या नात्याने मुलाखत घेणाऱ्या तात्यासाहेबांनी चळतीकडे पाहिलेही नाही. "तुमच्याकडे श्रावणात पंचा किती वेळात वाळतो?" त्यांनी विचारले. मी घाबरून खरे तेच सांगितले, "वाळतच नाही."

"सागरी हवामान. बसा," असे म्हणून त्यांनी मला वर्षभराच्या उमेदवारीवर ठेवून घेतले.

पृथ्वीवरची सारी हवामाने तात्यासाहेबांनी एका पंच्यावर शिकवली. सुट्टीस गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते एकाच ठाणातून फाडलेला पंचा देत आणि तो भिजवून, पिळून, वाळायला लागलेला वेळ लिहून आणण्यास सांगत. घोटीचा पंचा बुरशी घेऊन परत येई, मालेगावचा पापडासारखा कडकडीत होऊन. "सूर्य किती डोक्यावर, गाव किती उंच, समुद्र किती लांब, आणि मध्ये डोंगर आडवा आहे का, एवढे चार प्रश्न विचारा, मग सहारा काय नि सैबेरिया काय, घरबसल्या ओळखाल," असे ते म्हणत. टुंड्रा प्रदेश समजावा म्हणून ते एकदा आम्हां शिक्षकांना पौषातल्या पहाटे रामकुंडावर स्नानास घेऊन गेले. संस्कृतच्या शास्त्रीबुवांना तो प्रदेश इतका पटला की ते आठवडाभर अंथरुणातून उठले नाहीत.

माझी नोकरी कायम होणे इन्स्पेक्टरसाहेबांच्या तपासणीवर अवलंबून होते. घरी आई, पत्नी आणि पाळण्यातली मुलगी. आदल्या दिवशी मी तेलकागदावर जिल्ह्याचा नकाशा गिरवला आणि शाई भरताना कागद उलटा धरला. नावे मागाहून सुलट लिहिली, त्यामुळे काहीच ध्यानात आले नाही. सह्याद्री घोटीसकट पूर्वेला गेला आणि मालेगाव पश्चिमेला आले.

दुसऱ्या दिवशी मी ऐटीत सांगू लागलो, "पश्चिमेचे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि अलीकडेच पाऊस पाडतात. पलीकडे पोचतात ते कोरडे." नकाशावर छडी इमानाने फिरवत मी सारा पाऊस मालेगावावर पाडला. इन्स्पेक्टरसाहेबांसाठी पाण्याचा पेला घेऊन आलेला आमचा शिपाई नामदेव मालेगावचा. त्याला राहवले नाही.

"सायेब, आमना मालेगावमा इतला पानी नही शे!"

वर्ग खो खो हसला. साहेबांनी नकाशा निरखून पाहिला. "हा नकाशा कोणाचा?"

मी हातातल्या छडीकडे पाहू लागलो. मागच्या बाकावरून तात्यासाहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "माझा. आणि चूक शिपायाने ओळखली, म्हणजे आमचा भूगोल शाळाभर पोचला आहे."

मी कायम झालो, पेढेही वाटले. पुढे तीन वर्षांनी शाळेच्या कारकुनाने बोलता बोलता सांगितले, की त्याच महिन्यात नव्या मुख्याध्यापकांची निवड व्हायची होती आणि पहिले नाव तात्यासाहेबांचे होते. इन्स्पेक्टरसाहेबांनी त्यांच्या नावे 'नकाशा सदोष' असा शेरा मारला आणि ते नाव गळले.

मी धावतच त्यांच्या घरी गेलो. ते हसले. "हेडमास्तर होऊन काय केलं असतं मी? हजेऱ्या तपासल्या असत्या. माझ्या नोकरीला धक्का नव्हता. तुम्ही उमेदवारीतले, घरी गेला असता."

"पण मी गप्प बसलो, तात्यासाहेब."

"बसलात खरे," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी मला चहा दिला.

आज तात्यासाहेबांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळांनी लिहिले असेल. मला त्या दिवशी जे बोलता आले नाही ते मी येथे सर्वांसमक्ष लिहून देतो: तो नकाशा माझा होता. शाळेच्या चालकांनी त्यांच्या नावापुढचा शेरा खोडून माझ्या नावापुढे घालावा. ही दुरुस्ती डोळ्यांनी पाहीपर्यंत ईश्वर तात्यासाहेबांना धडधाकट ठेवो, एवढीच माझी प्रार्थना. आमच्या शाळेच्या दप्तराचा वेग पाहता ते शंभरी सहज ओलांडतील.