टोपीवाली अक्षरं

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क कधीच उडाली नव्हती. दादांच्या फायली मी पुसल्या, माझ्या हातानं, दिवसाढवळ्या. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि आता लिहितोय ते कुणी पाठीवरून हात फिरवावा म्हणून नाही.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, निवृत्त मास्तर. गाव येडशीच्या जवळ. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा कुणी देव्हाऱ्यातले देव उचलले, कुठं नेऊन ठेवले, कोण रडलं, कोण हसलं, हे दादा घरोघर म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवायचे. रविवारी एसटीनं धाराशिवला माझ्याकडं यायचे आणि दोन बोटांनी टाइप करायचे. घराला एक फाईल. टाइप झालेल्या पानावर आडवी रेघ मारायची आणि वही संपली की नातवंडांना पाठकोऱ्या पानांवर गणितं करायला द्यायची, ही त्यांची मास्तरकी. ‘आता मशीनमधी हाय की,’ म्हणायचे.

मशीन सांभाळायचं काम माझं. कचेरीतही कुणाचं अडलं की मलाच हाक. रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासायचा, पंख्यातली धूळ सायकलच्या पंपानं उडवायची, परत बसवायचं. निम्मी मशीनं एवढ्यावर चालतात. ‘तुमच्या हाताला गुण हाय,’ लोक म्हणायचे. तो गुण माझ्या डोक्यात गेला होता.

एका उन्हाळ्यात आमचं मशीन इतकं रखडायला लागलं की बायको म्हणायची, ‘बटण दाबून मी भाकरी टाकते. दोन होत्यात तवर.’ खोडरबर झाला, पंप झाला. शेवटी विंडोज नव्यानं टाकली. दादांच्या फायली डिस्कच्या दुसऱ्या भागात होत्या, त्यांना धक्का नव्हता. उघडल्या तर मराठीचा पत्ताच नाही. टोपी घातलेले इंग्रजी ए, डोक्यावर दोन टिंबं असलेले ओ, मधेच डॉलर. सव्वीस फायली, सगळ्या तशाच. व्हायरसनं खाल्ल्या, असं मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. मी कुणाला विचारणार, मलाच सगळे विचारत होते. बाकीच्या मशीनला लागण नको म्हणून कायमच्या पुसल्या आणि मोकळ्या जागेत पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ भरला.

रविवारी दादा आले. चष्मा पुसून खुर्चीवर बसले.

‘दादा, हार्डडिस्क उडाली. तुमचं काही राहिलं न्हाय.’

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘तुझं काय गेलं का त्यात?’

‘न्हाय.’

‘मग बरं,’ म्हणाले, आणि चहा न घेता स्टँडकडं निघाले.

काही महिन्यांनी कचेरीत नव्या मशीनवर एक जुनं परिपत्रक उघडलं. तीच टोपीवाली अक्षरं. मी म्हणालो, ‘व्हायरस हाय, उडवा.’

टायपिंगच्या बाई हसल्या. ‘साहेब, व्हायरस कुठला? ह्यात जुना मराठी फॉन्ट टाकायचा राहिलाय.’

त्यांनी पेनड्राइव्हवरून फॉन्ट टाकला, फाईल परत उघडली, आणि कागद मराठी बोलू लागला. आमच्या त्या जुन्या फॉन्टची तऱ्हाच अशी. तो नसला की अक्षरं इंग्रजीचा वेष घेऊन बसतात, मरत नाहीत. मी विंडोज टाकताना फॉन्ट टाकायला विसरलो होतो. एवढंच झालं होतं.

घरी येऊन पुसलेलं परत काढायची खटपट केली. लग्नाच्या व्हिडिओचेच तुकडे निघाले.

गेल्या वर्षी गावच्या विहारात एकानं सगळ्यांसमोर दादांना विचारलं, ‘मास्तर, आमच्या आईचं लिहून नेलं, पुस्तक कवा? का नुसता चहाच पिऊन गेलात?’

लोक हसले. दादाही हसले. ‘मशीन बिघडलं बाबा.’

‘बिघडलं का लिहिलंच न्हाय?’

मी दादांच्या शेजारी सतरंजीवर बसलो होतो. सतरंजीचा दोरा ओढत राहिलो.

पोरगी आता म्हणते, ‘पप्पा, ते डबडं भंगारात द्या, मी लॅपटॉप घेऊन देते.’ देणार नाही. त्या मशीननं काही बिघडवलं नव्हतं, आळ मात्र त्याच्यावर आला. दर महिन्याला उघडतो, खोडरबर घासतो, पंप मारतो. रखडत का होईना, चालतंय. ज्याला हसायचं त्यानं हसावं.

रविवारची एसटी आता मी धरतो, गावाकडं. सव्वीस घरांत सांगणारी माणसं पाचच उरलीत. एका म्हातारीनं उंबऱ्यातच अडवलं. ‘तुझ्या भावाला सांगितलं की समदं. त्यानं हरवलं व्हय?’

मी म्हणालो, ‘मावशी, तुम्ही परत सांगा.’ तिथंही जीभ रेटली नाही. तिनं सांगितलं. ते त्याच मशीनवर टाइप केलं, आणि दुसरीकडंही ठेवलं.

पाच घरं मी लिहून काढीन. एकवीस गेली ती गेली. ‘जाऊ द्या, चूक होते माणसाकडून’ हे मला कुणाकडून ऐकायचं नाही. चूक फायली पुसण्यापुरती होती. दादांना खोटं ठरू दिलं, ती चूक नव्हती.

विहारात, त्याच सतरंजीवर उभं राहून, दादांच्या देखत, मास्तरानं सगळं लिहिलं होतं आणि ते मी पुसलं, एवढं सांगायचं देणं मी लागतो. ते अजून सांगितलेलं नाही.