इथली पद्धत

मला दोन आत्या. मोठी परदेशात आणि धाकटी आमच्या घरात. मोठी लग्न होऊन गेली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. धाकटीने लग्न केलंच नाही. त्यामुळे मला कळायला लागल्यापासून घरात आई, बाबा, धाकटी आणि मी, अशी चार माणसं. मी सांगणार आहे ते धाकटीबद्दल. मोठीबद्दल जे तोंडाला येतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नाही.

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायची. एकोणीस वर्षं तेच काम. दुकानाच्या मागे जेमतेम पलंग मावेल एवढी खोली, त्यात घासायचं चाक, चाकावर पडणारी पाण्याची बारीक धार आणि खिडकीपाशी तिचं स्टूल. गिऱ्हाइकाच्या बुबुळाची जागा काचेवर शाईच्या ठिपक्याने धरायची आणि त्या ठिपक्याच्या हिशोबाने काच फ्रेममध्ये बसवायची. ठिपका केसभर सरकला तरी घालणाऱ्याचं डोकं दुखतं. तिच्या हातच्या चष्म्याने कोणाचं डोकं दुखलं नाही. लोक जाताना मुद्दाम विचारायचे, "काच बाईच बसवणार ना?" हे ती दर आठवड्याला आम्हाला ऐकवायची आणि आम्ही दर आठवड्याला जांभया द्यायचो.

मग मोठीचे फोन सुरू झाले. "किती वर्षं त्या खुराड्यात बसणार आहेस? इकडे ये. इकडे पावलोपावली चष्म्याची दुकानं आहेत आणि हाताने काम करणारं माणूस औषधाला मिळत नाही. माझ्याकडेच राहा. दोघी बहिणी एका घरात राहू."

चष्म्याच्या दुकानांनी धाकटी हलली नसती. ती हलली शेवटच्या वाक्याने. मोठी गेली तेव्हा ही शाळेत होती, आणि नंतर चोवीस वर्षांत दोघींची भेट चार वेळा, तीही पाहुण्यांच्या गर्दीत. तरी तिचं हो-नाही हो-नाही दोन महिने चाललं. सकाळी जायचं ठरवायची, संध्याकाळी दुकानातून आली की "जाऊ दे गं, माझं इथेच बरं आहे" म्हणायची. बाबांनी तिचं डोकं खाल्लं. "मोठीचे उपकार मान. आज तू जा, उद्या ती आपल्या पोरीलाही बोलावून घेईल." ती पोरगी म्हणजे मी. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि परदेशाच्या नावाने हवेत तरंगत होते.

शेवटी धाकटीने मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, "जाऊन या. सहा महिने तुमच्या स्टुलावर कोणाला बसवत नाही." मोठीकडून कागदांचा गठ्ठा आला, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. भाषा तिकडची, एक अक्षर कळण्यासारखं नाही. धाकटीने फुलीवर फुली गिरवावी तशा सह्या केल्या. बहिणीने पाठवलेले कागद कोण तपासून बघतं?

ती गेली, आणि दर शनिवारी दुपारी तिचा फोन यायला लागला. फोन मीच घ्यायचे. पहिले काही महिने तिच्याकडे एकच विषय होता, इथली पद्धत.

"अगं, इथे ताई-दादा काही नसतं. सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात. मोठी म्हणाली, लोकांसमोर मला ताई म्हणू नकोस, हसतात. तिच्या जुळ्या मुलीसुद्धा मला नावानेच हाक मारतात. मावशी म्हणतच नाहीत!"

हे ऐकून आई बाबांना म्हणाली, "चला, उद्यापासून मीही तुम्हाला नावाने हाक मारते." बाबांना दोन दिवस ती धास्ती होती.

पुढच्या शनिवारी नवीन पद्धत. पाहुणे जेवायला आले की घरातल्या एकीने उभं राहून वाढायचं आणि सगळं आवरल्यावर स्वयंपाकघरात जेवायचं. इमारतीला दोन लिफ्ट असतात, घरात काम असणाऱ्यांनी मागची वापरायची, म्हणजे पुढच्या लिफ्टमध्ये गर्दी होत नाही. माणसांचे फोटो भिंतीवर लावलेले इथे आवडत नाहीत. नवीन आलेल्याचे कागद घरातल्या मोठ्या माणसाच्या कपाटात ठेवायचे, हरवायला नकोत. चष्म्याच्या दुकानात काम हवं तर आधी वर्षभर भाषा आणि शहर अंगवळणी पाडायचं, एकदम जाऊन उभं राहायचं नाही. तोवर मुलींचे डबे, इस्त्री, दाजींचे पाहुणे.

धाकटी हे सगळं कौतुकाने सांगायची. तक्रार नव्हतीच. चुकलं तर स्वतःवर चिडायची. एकदा भाजीच्या दुकानात तिने सवयीने "ताई, हे बघ" म्हटलं आणि मोठीने ऐकूच आलं नाही असं करून पाठ फिरवली. त्या शनिवारी धाकटी फोनवर म्हणाली, "माझी जीभ मेली सुधारतच नाही. तिला किती ओशाळल्यासारखं झालं असेल." सहा महिने उलटले. इकडे मालकांनी स्टुलावर दुसऱ्याला बसवलं. ते मीच तिला सांगितलं. "बसवणारच," ती म्हणाली, "माझं आता इथेच व्हायचंय."

वर्ष होत आलं तेव्हा तिने वाचनालयात चालणारा भाषेचा फुकट वर्ग शोधून काढला. मुली शाळेत गेल्या की दहा ते बारा. शिकवणारी बाई निवृत्त नर्स होती. वर्गात सगळे बाहेरून आलेले. धाकटीला अक्षरं लवकर आली. चष्म्याच्या काडीवरचे मुंगीएवढे आकडे वाचण्यात जन्म गेला होता, त्यापुढे पुस्तकातली अक्षरं म्हणजे दुकानाच्या पाट्या.

एक दिवस बाईंनी सगळ्यांना सांगितलं, इथे आल्यावर शिकलेली एकेक पद्धत उभं राहून सांगा. कोणी म्हणालं, रांगेत पुढे घुसत नाहीत. कोणी म्हणालं, फोन केल्याशिवाय कोणाच्या घरी जात नाहीत. धाकटीची पाळी आली. तिला एक सांगायची होती, पण एवढ्या आठवत होत्या की तिने सगळ्याच सांगितल्या. उभं राहून वाढायची, मागच्या लिफ्टची, कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवायची. मोडक्यातोडक्या भाषेत, पण न अडखळता, पाठ केल्यासारख्या.

वर्गात एक न्हावी होता, तो आधी हसला. मग त्याने बाईंचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. बाईंनी विचारलं, "तू कोणाच्या घरी कामाला आहेस?"

"कामाला नाही," धाकटी म्हणाली, "बहिणीकडे राहते."

बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बहिणीच्या घरी इथेसुद्धा बहिणीच्या शेजारी बसून जेवतात. तुझं ओळखपत्र कुठे आहे?"

ते मोठीच्या कपाटात होतं. धाकटीने आयुष्यात कोणाच्या कपाटाला विचारल्याशिवाय हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. ओळखपत्रावर तिचा फोटो आणि नाव होतं. खाली व्यवसाय: घरकामगार. त्याखाली मालक: मोठीचं सासरचं पूर्ण नाव. तिने ते चार वेळा वाचलं. शिकायला लागल्यापासून, वर्गाबाहेर, कोणाच्या मदतीशिवाय वाचलेली ती तिची पहिली गोष्ट.

मोठी संध्याकाळी पाचला घरी आली तेव्हा धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर ओळखपत्र. मोठीने पर्स खाली ठेवली, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "माझं कपाट का उघडलंस?"

मग समजावणं सुरू झालं. "अगं, कागदाला काय धरून बसतेस? बहीण म्हणून अर्ज केला असता तर बारा वर्षं लागली असती. तुला यायचं होतं ना? हा एकच रस्ता होता. तपासायला माणसं येतात, शेजाऱ्यांना विचारतात. उगाच तोंडातून ताई निघून नातं उघडं पडलं असतं तर दोघी अडकलो असतो."

"मला सांगितलं असतंस," धाकटी म्हणाली, "तर मी शेजाऱ्यांसमोर तोंड शिवून बसले असते. पण दार लावल्यावर, आतमध्ये? तुझ्या मुली मला मावशी का म्हणत नाहीत?"

"लहान आहेत. बाहेर बोलून जातील."

"आणि पाहुण्यांसमोर उभं का केलंस? ते काय तपासायला आले होते?"

आधीची कामवाली सोडून गेली होती, दोघं नवराबायको नोकरीला, आणि आयतं माणूस घरात आलेलं. कागदाची अडचण होती हे खरं असेल. पण अडचणीची सोय झाली आणि सोयीची सवय लागली, हे तिला कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही.

उत्तर सुचलं नाही की माणूस भागीदार शोधतो. मोठीने आतून फाइल आणून टेबलावर आपटली. "सगळं माझ्या एकटीच्या माथी मारू नकोस. हे बघ. दादाने लिहून दिलंय."

ते अनुभवाचं पत्र होतं. घरकामगार म्हणून परवाना हवा तर आधीच्या मालकाचं पत्र लागतं. माझ्या वडिलांनी लिहून दिलं होतं, की सदर महिला आमच्या घरी दहा वर्षं धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुलांची देखभाल करत असून तिला दुसरा कोणताही व्यवसाय येत नाही. खाली सही. भाषांतर जोडलेलं होतं, पण मूळ पत्रही तिथेच होतं. ते वाचायला तिला कोणत्याच वर्गाची गरज नव्हती.

हे सगळं तिने मला त्या शनिवारी फोनवर सांगितलं, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. रडली नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "दादाला कॉम्प्युटर येत नाही. टाइप कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"वाचून केलंस की न वाचता?"

मला खोटं बोलता आलं असतं. "वाचून," मी म्हटलं.

तिने फोन ठेवला. ते पत्र टाइप करताना मी स्वतःला काय सांगितलं होतं तेही लिहून टाकते. नुसता कागद आहे, बाबा सांगतायत, आणि ती गेली तर पुढे माझा नंबर लागेल. मला माझी लाज वाटते, आणि ती लाज कोणाला वाटून देता येत नाही.

धाकटीने मग जे करायचं ते केलं. वर्गाच्या बाई तिला एका चष्म्याच्या दुकानात घेऊन गेल्या. तिथल्या माणसाने तिच्या हातात काच दिली, तिने ठिपका दिला, घासली, बसवली. तो खूश झाला, उद्यापासून ये म्हणाला. पण कचेरीत विचारलं तर समजलं, की परवाना घरकामाचा आहे. घर बदलता येईल, काम नाही. आणि हिला दुसरा कोणताही व्यवसाय येत नाही असं फाइलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. ते खोटं आहे म्हणावं, तर खोटे कागद देऊन आली म्हणून परत पाठवतील आणि पुन्हा दार बंद. एकोणीस वर्षं तिने केसभर चूक होऊ दिली नव्हती. ती वर्षं आम्ही एका ओळीत पुसली होती.

बाबा तिला फोन लावून ओरडायचे, "मग परत ये ना! कोणी अडवलंय?" ती विचारायची, "परत कुठे येऊ?" बाबा म्हणायचे, "म्हणजे काय, घरी!" मग मोठीचा रडवेला फोन आला, की धाकटी सोडून चाललीय, एका म्हाताऱ्या जोडप्याकडे कामाला, आता मुलींचं कसं होणार. सख्ख्या बहिणीला असं टाकून जाते का कोणी, असंही मोठी म्हणाली. मी स्पीकरवर ऐकत होते. फोन भिंतीवर फेकून मारावासा वाटला.

पुढच्या शनिवारी, कित्येक आठवड्यांनी, धाकटीने स्वतःहून फोन केला. मला वाटलं, राग उतरला. मी बाबांना हाक मारायला लागले.

"त्यांना नको," ती म्हणाली. "त्यांची फक्त सही लागेल. नव्या घरी आधीच्या मालकाचं पत्र मागितलंय. मोठी देत नाही म्हणते. फाइलमध्ये मालक दोनच आहेत. तू आधी टाइप केलं होतंस तसंच कर."

"आत्या, मी असं पत्र..."

"आता कचरायला काय झालं? माझं पोट आहे त्याच्यावर. लिही."

मी कॉम्प्युटर लावला. ती सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. दहा वर्षं आमच्याकडे कामाला होती. स्वयंपाक उत्तम. स्वच्छता उत्तम. प्रामाणिक आहे. मी विचारलं, "अजून काही?"

"हो, शेवटी एक ओळ," ती म्हणाली. "आम्ही तिला कायम घरच्यासारखं वागवलं. सगळे मालक लिहितात."

मी लिहिलं. बाबांनी न वाचता सही केली.