तिसरा तुकडा

तलासरीच्या एका दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते आणि डहाणूला एका खोलीत एकटी राहत होते. २०१५ ते २०१८ या वर्षांत रक्त-लघवीच्या तपासण्यांखेरीज आणखी एक काम माझ्याकडे आलं. मुंबईची एक प्रयोगशाळा स्तनाच्या कॅन्सरवर संशोधन करत होती. तिला गाठीचा लहानसा तुकडा हवा असे, तोही जिवंत. बाईची परवानगी घ्यायची, तुकडा गुलाबी द्रवाच्या बाटलीत टाकायचा, बाटली बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि हायवेला उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीत द्यायची.

परवानगीचा कागद मी वाचून दाखवत असे. बहुतेक बायका मध्येच अंगठा पुढे करत. एकीने मात्र शेवटपर्यंत ऐकला. आशागडजवळच्या पाड्यावरची, माझ्याच वयाची, चिकूच्या वाडीत फळं निवडायला जाणारी. तिच्या बोलण्यात अहो-जाहो नव्हतं, डॉक्टरांनाही ती ‘तू’ म्हणे. मग मीही तिला तू म्हणू लागले.

“बाटलीत गुलाबी काय गं?” तिने विचारलं.

“पेशींचं खाणं. त्यावर त्या जगतात.”

“म्हणजे गाठीला खायला घालणार. आणि मला कालपासून उपाशी ठेवलंय.”

ऑपरेशन झालं, तुकडा गेला. असे बहुतेक तुकडे प्रयोगशाळेत आठ-दहा दिवसांत मरतात. तिचा टिकला. एकदा त्यांची गाडी आली नाही म्हणून दुसऱ्या कुणाच्या तुकड्याचा डबा घेऊन मीच मुंबईला गेले, तेव्हा तिथल्या संशोधक बाईंनी मला तिच्या पेशी मायक्रोस्कोपखाली दाखवल्या. काचेच्या बशीच्या तळाला त्या चिकटून पसरल्या होत्या. शेजारच्या बशीत त्यांनी औषध घातलं होतं. तिथे सगळं ओसाड, फक्त कडेला थोड्या पेशी तग धरून. त्यांचा सगळा प्रश्न त्या कडेच्या पेशींचा होता. औषधाला न जुमानणाऱ्या या पेशी गाठीत पहिल्यापासून असतात, की औषध सोसून सोसून तशा होतात? ते कळायला एकाच बाईचे दोन तुकडे लागतात, एक औषधाआधीचा आणि एक आजार उलटल्यावरचा. अशी जोडी आमच्या भागातून त्यांना मिळाली नव्हती.

तिचे केमोचे डोस सुरू झाले. दर वेळी रक्त द्यायला ती माझ्यासमोर बसायची आणि आधी विचारायची, “कशी आहे ती?”

“जिवंत आहे. वाढतेय.”

“बरं आहे. दोघींतली एक तरी अंग धरतेय.”

माझ्या कामाबद्दल विचारणारी तेव्हा ती एकटीच होती. बहिणीचा फोन महिन्यातून एकदा यायचा, तो तब्येत आणि गॅस सिलिंडर यावर संपायचा. दवाखान्यात मी डबा एकटीच खाई. तक्रार नव्हती. पण तिच्या तपासणीचा वार माझ्या लक्षात राहायचा, हेही खरं.

दोन वर्षांनी तिच्या काखेत पुन्हा गाठ आली. सुईने तुकडे काढायचे ठरले. दोन तपासणीसाठी, आणि ती हो म्हणाली तर तिसरा संशोधनासाठी. विचारायचं काम माझंच.

“यानं मला गुण येईल?”

“नाही.”

“मग कुणाला?”

“पुढच्या कुणाला तरी. तेही नक्की नाही.”

“तू खोटं बोलत नाहीस, म्हणून देते. घे.”

टेबलावर दोन बाटल्या होत्या, एक फॉर्मलिनची, एक गुलाबी. फॉर्मलिनमध्ये तुकडा सडत नाही, त्याचा आकार राहतो, पण पेशी मरतात. तपासणीला तेच चालतं. बावीस वर्षं मी दवाखान्यात निघालेला प्रत्येक तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकत आले होते. डॉक्टरांनी सुईवरचे तुकडे गॉजवर ठेवले, शेवयांच्या चुऱ्याएवढे, आणि माझ्या हाताने ते उचलून टाकले. एक, दोन, तीन. झाकण लावताना माझं लक्ष गुलाबी बाटलीकडे गेलं. ती द्रवाने भरलेली होती आणि तिच्यात तुकडा नव्हता.

संशोधक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “होतं असं. त्या बाई परत एक तुकडा देतील का, विचाराल?” गाडी रिकामी गेली.

सिस्टर म्हणाली, “ताई, तिला कशाला सांगताय? ‘जिवंत आहे’ म्हणा. ती काय मुंबईला बघायला जाणारे?”

दोन दिवस मी त्यावर विचार केला. न सांगता चाललं असतं. ती विचारत राहिली असती, मी उत्तर देत राहिले असते. रविवारी रिक्षाने पाड्यावर गेले.

ती अंगणात पिंपाला टेकून बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. चूक कुणाची तेही सांगितलं.

“मेला?”

“हो.”

“लगेच?”

“लगेच.”

ती हाताने काख चाचपत राहिली. “आणि पहिली?”

“ती आहे.”

“परत सुई नाही घेणार मी,” ती म्हणाली. “लई दुखलं.”

“नको घेऊस. ते विचारायला नाही आले.”

तिने बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने मीच निघाले.

पुढे ती आली की हात पुढे करायची आणि खिडकीतून बाहेर बघायची. ‘कशी आहे ती?’ हे तिने पुन्हा विचारलं नाही. रक्त घेताना शेवटी एकदा मीच म्हणाले, “जिवंत आहे अजून.”

“मी विचारलं नव्हतं,” ती म्हणाली. मग कापूस दाबून धरत म्हणाली, “असू दे.”

त्यानंतर ती आली नाही. ती गेल्याचा निरोप पाड्यावरून आला तो पंधरा दिवसांनी, दुसऱ्याच पेशंटकडून.

तेव्हापासून फॉर्मलिनची बाटली मी बाहेरच्या खोलीत ठेवू लागले आणि आत जाताना गुलाबी बाटली आधी हातात घेई. काही महिन्यांनी मी तलासरीच्या स्टँडवर बसले असताना मुंबईहून फोन आला. तिच्या पहिल्या तुकड्यातल्या, कडेला तग धरलेल्या त्या पेशींवरच त्यांनी काम सुरू केलं होतं. जोडी नसली तरी त्यांच्यातून काही समजेल असं त्यांना वाटत होतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला. डहाणूच्या बसला अजून वेळ होता. शेजारी एक बाई बसली होती, तिने माझे डोळे बघून विचारलं, “घरी काही झालं का, ताई?” मी नाही म्हटलं.