सुलाबाईच्या पानावरची चिठ्ठी

एकोणीसशे नव्याण्णव साली म्हसवडच्या बाजूच्या सुलाबाईची घोंगडी इंटरनेटवर गेली, तेव्हा वाडीला वाटलं, बाईला कुणीतरी बनवलं. बनवलंबिनवलं काही नाही! साताऱ्यात इंटरनेट केंद्र चालवणाऱ्या अवधूतनं तिच्याकडून वडिलांसाठी घोंगडं घेतलं, ते म्हाताऱ्याला सोडवेना, म्हणून त्यानं फोटो घालून तिच्या नावाचं पान केलं. बंगळूरच्या एका दुकानानं ते बघून चाळीस घोंगड्यांची मागणी धाडली. नवरा गेल्यापासून सुलाबाई एकटी विणायची. माल दीर नानासो सांगलीला नेऊन विकायचा आणि देईल ते घ्यायला लागायचं. ही मागणी टिकली तर त्याच्या तोंडाकडं बघायला नको. तिला तेवढंच हवं होतं.

आणि दुकानाचा निरोप आला, ‘लोकर नकली असल्याचं वाचलं. सध्या थांबतो.’

सुलाबाई पहिल्या एसटीनं साताऱ्यात हजर. “कुणी लिवलं रं?”

अवधूत ओशाळला. “मावशी, आपल्या पानात कुणी हात घातलेला नाही. एक नवा प्रोग्राम निघालाय. तो ब्राउझरला जोडला की कुणाच्याही पानावर चिठ्ठी डकवता येते. ज्याच्याकडं प्रोग्राम, त्यालाच ती दिसते. मी कालच जोडून घेतला, तेव्हा कळलं.”

“माज्या भिंतीवर दुसऱ्यानं कागद डकवायचा, आन मलाच दिसायचा न्हाई? लय शानी मानसं! काढून टाक.”

“ज्यानं डकवली त्यालाच काढता येते. आणि खाली नाव नाही.”

“वाच.”

चिठ्ठी इंग्रजीत होती, कुणाकडून तरी लिहून घेतलेली. अवधूत मराठी करत वाचायला लागला, “बिरोबा प्रसन्न. केरबा आबांची कृपा. सावधान, ही लोकर...”

“थांब!” सुलाबाई ओरडली. केरबा आबा म्हणजे तिचा सासरा. त्यानंच तिला विणायला शिकवलं होतं. देवाखाली आबांचं नाव घातल्याशिवाय कागदाला हात न लावणारा माणूस दुनियेत एकच होता. तिला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरून आले.

अवधूत तावातावानं म्हणाला, “खाली लिहूया, कोण आहे तो खोटारडा!”

“तू नगं. त्यो लिवंल.”

चिठ्ठीचा छापील कागद घेऊन ती तशीच सांगलीला गेली आणि नानासोच्या दुकानात तो त्याच्यापुढं ठेवला.

नानासोचं तोंड उतरलं. “वयनी, तुमाला कुणी सांगितलं?”

“आबांनी. आवं भावजी, चोरून लिवायचं, तर निदान त्यास्नी तरी मधी आनायचं नव्हतं.”

“पुसून टाकतो. आत्ताच.”

“पुसू नगा. बंगळूरवाल्याच्या डोक्यातनं कसं पुसनार? खाली नाव घाला. लिवा, मी हिचा दीर, हाच माल इतकी वरसं खरी लोकर म्हनून मीच विकला, वर लिवलंय ते खोटं.”

“मग बाजारात माजी काय इज्जत ऱ्हाईल?”

“ते तुमी बघा. मी हितनं हालत न्हाई.”

आणि खरंच हलली नाही. दुकान बंद करायची वेळ झाली तशी नानासो उठला, संगणकवाल्याकडं गेला आणि सांगितलं तसं लिहवून आला.

आठ दिवसांत बंगळूरच्या दुकानानं मागणी पक्की केली. पुढच्या महिन्यात नानासो नेहमीसारखा टेम्पो घेऊन वाडीत आला आणि दारातूनच विचारता झाला, “वयनी, माल बांधलाय न्हवं?”

सुलाबाईनं हातातलं काम सोडलं नाही.

“न्हाई,” ती म्हणाली. “च्या टाकते. पिऊन जावा.”