ज्याले जास्त धोका, त्याले आधी सुई

मुखरू कोतवालाने गावात दौंडी दिली की वैनगंगेपलीकडच्या म्हशीही माना वर करत, असं लोक म्हणत. आवाज त्याचा, डोकं मात्र रुखमाचं, त्याच्या बायकोचं.

चौऱ्याऐंशी साल असेल. नदीपलीकडच्या गावात हैजा, म्हणजे कॉलरा, लागला. आपल्याकडे टोचायला नर्सबाई इंदुताई आल्या, पण वरून मिळालेली लस म्हणजे लग्नातलं अत्तर. निम्म्या गावालाही पुरायची नाही. नर्सबाई नगरकडच्या, बोलणं पुस्तकी. म्हणाल्या, "मुखरू, दौंडी द्या. ज्यांना जास्त धोका, त्यांना आधी सुई."

मुखरूने डफडं उचललं, पण मन घरी होतं. रुखमाची बहीण तिकडे हैज्यानेच आजारी पडली होती आणि रुखमा संध्याकाळच्या डोंग्याने नदी ओलांडून तिच्याकडे निघाली होती. तिला सुई मिळायलाच हवी. पण रॉकेलच्या रांगेत घुसलेल्या पोलीस पाटलाला त्यानेच चारचौघांत बाहेर काढलेलं; आता स्वतःची बायको कुठल्या तोंडाने पुढे करणार? सगळा जीव त्याने दौंडीत ओतला.

"ऐका होऽऽ! ज्याले जास्त धोका झाला, त्याले आधी सुईऽऽ!"

तो 'झाला' त्याच्या पदरचा. आणि आमच्याकडे धोका म्हणजे काय? फसवणूक!

दुपारी शाळेत ही गर्दी. इंदुताई सुई भरून तयार. गुलाब पुढे आला. "नर्सबाई, मले सख्ख्या साळ्यानं धोका देल्ला. दुभती म्हणून म्हैस देल्ली, अन् संगचं पारडू शेजाऱ्याचं निंगालं!"

"तुह्या म्हशीचं काय घेऊन बसला?" मीराबाई ओरडली. "माह्या व्याह्यानं पोरगा मॅट्रिक सांगतला. सहीच्या वक्ती आंगठा पुढं केला त्यानं!"

श्रावणने तर शिंपी वहाबलाच धरून आणलं. "यानं माह्या लग्नाचा कोट शिवला. एक बाही कोपरापर्यंत!"

"कपडा कमी आणून तूनंच मले धोका देल्ला, भाऊ!" वहाबने स्वतःचीच बाही वर केली.

हैजा डोक्यात चढतो की काय, अशा नजरेने इंदुताई पाहत राहिल्या. तेवढ्यात दारातली रुखमा बगलेत गाठोडं मारून पुढे आली.

"तुमचे धोके ठेवा बाजूले. या मुखरूनं लग्नाच्या आधी सांगतलं, मी सरकारी साहेब हाये. मी नांदाले आली, तं साहेब चौकात डफडं वाजवून राह्यला!"

हशाने शाळेची कौलं हलली. गुलाबने स्वतःहून वाट सोडली. "रुखमाबाई पैली. याच्याहून मोठा धोका नाई!"

आता कुठे इंदुताईंना उलगडा झाला. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, धोका म्हणजे रोग लागायचा! पलीकडच्या गावात कोण जाणार आहे?"

साऱ्यांची बोटं रुखमाकडेच. दोन्ही अर्थांनी बाई पहिली! तिच्या दंडात सुई शिरली. "तिकडे पाणी उकळूनच प्या," इंदुताईंनी बजावलं.

मागे पाहतात तर मुखरू सदऱ्याची बाही वर करून उभा.

"तुम्हाला हो कसला धोका?"

"मीबी हिच्यासंग जाऊन राह्यलो, नर्सबाई," मुखरू आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "साळीच्या गावात मले अजून साहेबच समजतेत. हिच्या तोंडावर पहारा नाई का ठेवा लागत?"