टायरच्या झोक्यातला रविवार

ये, जवळ बस अशी. म्हणजे निदान हे पान तरी जवळ घे. मावशी धायरीचं घर बंद करून मुलाकडे हिंजवडीला चालली, हे तू तिसऱ्याच कुणाकडून ऐकतेस आणि मला एक फोन करत नाहीस? येरवड्याहून माणसं शिक्षा भोगून सुटतात गं, तुलाच तेवढी धायरीला यायला सवड मिळत नाही.

तर काय झालं ते माझ्याकडून ऐक. मुलगा, सून आणि नात मला एका रविवारी टेकडीखालच्या निसर्ग केंद्रात घेऊन गेले. आमच्याकडे अवघड विषय काढायचा असला की आधी मला फिरायला नेतात. गाडीतच मुलगा म्हणाला, तुझ्या गुडघ्यांबद्दल आज शांतपणे बोलू. गुडघे म्हणजे माझं घर, हे मला कळत होतं. त्याच्याकडे बाविसाव्या मजल्यावर माझी खोली तयार होती, न्हाणीघरात धरायला दांड्यासुद्धा लावून झाल्या होत्या. म्हणून मी ठरवलं, आज कशालाही धरायचं नाही आणि कण्हायचं नाही.

केंद्र बरं आहे. झाडांखाली मुलांना चढायला ओंडके आहेत, दोरांची जाळी आहे, चिखलाचा स्वयंपाक करायला जुनी भांडी आहेत. मुलं चिखलात लोळतात आणि आईबाप कौतुकाने फोटो काढतात. आम्हाला चिखलाबरोबर धपाटा मिळायचा. एका वडाला दोन टायर टांगलेले होते. नात म्हणाली, आजी तू बस, मी ढकलते. मुलगा बघत होता, म्हणून बसले.

बसायला काहीच त्रास झाला नाही. टायरने मला असं आत ओढून घेतलं की गुडघे हनुवटीशी आले आणि पाय अधांतरी. तेवढ्यात मुलाला फोन आला नि तो लांब गेला. मी उठायचा प्रयत्न केला. टायर गिरकी घेऊन थांबला आणि माझं तोंड वडाकडे झालं. मग मला अजून थोडं बसावंसं वाटू लागलं.

मागे मुलांची रांग लागली. एका आईने विचारलं, आजी, अजून वेळ आहे का? आहे, म्हटलं, तोवर रांग सरळ करा. नातीला कानात सांगितलं, आजीला उठता येत नाहीये, पण बाबाला बोलायचं नाही. ती शहाणी आहे. रांगेतल्या एकेका मुलाजवळ जाऊन तिने सांगितलं, "माझ्या आजीला उठता येत नाहीये, पण माझ्या बाबाला सांगायचं नाही."

मुलगा परत आला. रांगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे. गेलं घर, मी मनात म्हटलं. तो म्हणाला, अगं सोपं असतं, आधी पाय रोवायचे, दाखवतो. आणि दुसऱ्या टायरात बसला. वीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलेला माणूस तो. पाय रोवायची वेळच आली नाही.

मग आम्ही मायलेक शेजारी शेजारी लोंबकळत होतो. शांतपणे बोलायला जागा चांगली होती.

"आई, तुला उठता येतंय?"

"तुला?"

त्याने एकदा जोर लावून बघितला. मग म्हणाला, "घरी पण तुझं असंच होतं का?"

"घरी टायर नाही रे. खुर्ची आहे. तिच्यावरून मी रोज उठते."

सून पाणी आणायला गेली होती, ती आली. तिने आधी फोटो काढला. मग मला ओढून काढलं, मग त्याला. त्याला जास्त जोर लागला. परतताना गाडीत गुडघ्यांचा विषय निघाला नाही. धायरीला पोचल्यावर त्यानेच माझ्याकडे कमरेला लावायला बाम मागितला.

पुढच्या रविवारी तो दांड्या घेऊन आला आणि माझ्याच न्हाणीघरात लावून गेला. मजबूत आहेत. मी त्यांच्यावर टॉवेल वाळत घालते.

तेव्हा घर जागेवर आहे आणि घरात मी आहे. तू लवकर ये, चांगली दोन दिवस राहायलाच ये. बसायला खुर्ची देईन.