खवलेमामाचे बूट

आमचा मामा आंघोळसुद्धा मोजे घालूनच करतो, अशी चाळीत बोलवा होती. बोलवा उठवणारी मंडळी आमचीच, कोकणातली. त्यांच्या तोंडाला हात कोण लावणार? 'खवलेमामा' हे नावही त्यांनीच ठेवलेलं. मामा आयुष्यभर मगरीच्या पाठीसारखी नक्षी असलेले चामड्याचे बूट वापरायचा. खरी मगर नव्हे हो, साध्या चामड्यावर उमटवलेला ठसा. पण लालबागच्या चाळीत मगर पाहिली होती कुणी? मासे रोज पाहायचे. म्हणून बूट खवल्यांचे, आणि मामा खवलेमामा.

हा माझ्या आईचा थोरला भाऊ. करी रोडला एका छापखान्यात कारकून होता. लग्न केलं नव्हतं. राहायचा आमच्याच मजल्यावर, जेवायला आमच्याकडे. बूट घेणं हा त्याचा सण. दुकानात शिरला की खोक्यातला बूट उचलून उजेडाकडे तिरका धरायचा आणि त्यावरून अंगठा फिरवायचा. "दाणा बघ गो," मला म्हणायचा. चामड्याच्या खरखरीतपणाला तो दाणा म्हणायचा. बारीक दाणा ऑफिसला, मोठे खवले लग्नाकार्याला. आणि शहामृगाच्या कातड्यासारखे फोड उठलेले बूट? "ते सिनेमातल्या व्हिलनला!"

एवढे नखरेल बूट घालणारा माणूस बाकी मात्र अगदी साधा. पांढरा नाहीतर फिका राखाडी शर्ट, एकरंगी पॅन्ट, बुटाच्या रंगाचा गुळगुळीत पट्टा. माझ्या मावसभावाने एका साखरपुड्याला खवल्यांचे बूट, चौकटीचा शर्ट आणि चकचकीत कोट असं सगळं एकदम चढवलं होतं. मामाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अरे, एका वेळी एकानेच बोलावं. बूट बोलतायत ना? मग शर्टाने गप्प बसायचं." बिचारा शर्ट बदलायला घरी गेला.

बूट दाराबाहेर निघायचे, पण मोजे कधीच निघायचे नाहीत. गणपतीच्या आरतीला सगळे आत अनवाणी, हा गॅलरीत उभा राहून टाळ्या वाजवणार. आत बोलावलं तर म्हणायचा, "मी हयच बरो." घरी पाहुणे यायचे असले की आई आधी त्याच्या पायांकडे बघायची, आणि तो गुपचूप मोजे वर ओढायचा. मला वाटायचं, मामा शायनिंग मारतोय.

खरं कारण कळलं ते माझ्याच पायामुळे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घोट्याखाली एक पांढरा डाग आला. आधी मसुराच्या डाळीएवढा, मग रुपयाएवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोड आहे, जिवाला धोका नाही, कुणाला लागत नाही. आई घरी आल्यावर दार लावून रडली. "दादाचं जे झालं ते झालं. आता तुझं लग्न कसं गो होणार?" तेव्हा कळलं की मामाचे दोन्ही पाय कोडाने पांढरे झालेत. ते दिसले तर घराण्यातच कोड आहे असं म्हणून मला कुणी करून घेणार नाही, ही आईची भीती. माझं लग्न होईपर्यंत पाय कुणाला दाखवायचे नाहीत, असं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने माझ्या सँडल्स माळ्यावर टाकल्या आणि मामा मला बूट घ्यायला दादरला घेऊन गेला. वाटेत त्याने आपली युक्ती सांगितली. "साधा बूट असला की माणसाची नजर त्यावरून घसरते आणि इकडेतिकडे फिरते. दाणा असला की तिथेच अडकते. वर कपडे मात्र साधेच घाल." तो मला लपायला शिकवत होता आणि मीही मन लावून शिकत होते.

दुकानातला माणूस समोर बसून माझ्या पायात तपकिरी, बारीक दाण्याचे बूट घालून बघत होता. ते घट्ट झाले. त्याने बूट ओढून काढला तसा त्याच्याबरोबर मोजाही निघाला. डाग दिसताच त्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला आणि पॅन्टला पुसला. "मॅडम, आप खुद पहन लो." बाकावरची बाई चार हात लांब सरकून बसली. वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

मामा माझ्या शेजारी बसला. त्याने सावकाश आपले बूट काढले. मग मोजे काढले. दुधासारखे पांढरे आणि मधूनच सावळे ठिपके राहिलेले ते पाय मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मलाही एक जोड दाखवा," तो म्हणाला. "आणि हात पुसू नका. हे लागत नाही. लागलं असतं तर एव्हाना आमची अख्खी चाळ पांढरी झाली असती."

आणि मी? मी त्याच्याकडे न बघता कुजबुजले, "मामा, मोजे घाल ना, सगळे बघतायत." त्याने निमूट घातले. दुकानाच्या पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाला, "आवशीक सांगू नको हां." आईला दिलेलं वचन त्याने मोडलं होतं.

पण त्या दिवसापासून त्याला एक वेड लागलं. दर रविवारी विचारायचा, "येतंस काय गो चौपाटीवर? पाण्यात पाय बुडवूया. एकटा गेलो तर लोक माझ्याकडे बघतील. दोघं असलो तर आपण एकमेकांकडे बघू." मी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की. आधी परीक्षा होती, मग नोकरी, मग लग्न. होय, झालं लग्न. नवऱ्याला आधीच सांगितलं होतं, त्याला काहीच वाटलं नाही. मामाही वचनातून सुटला. दुसऱ्याच आठवड्यात चपला घालून अख्ख्या लालबागमध्ये फिरून आला. चाळ चार दिवस बोलली आणि गप्प झाली. मी मात्र मोजे सोडले नाहीत. ऑफिसातल्या मुली म्हणतात, "काय टेक्स्चर आहे यार, कुठून घेतलेस?" मी बिननक्षीचा कुर्ता सारखा करत हसते. लाज वाटते स्वतःची, पण हसते.

चौपाटी राहिली ती राहिलीच. गेल्या वर्षी मामा झोपेतच गेला. आईने त्याच्यावर चादर घातली आणि पायांशी दोन्ही बाजूंनी घट्ट खोचली. चाळीने ते पाय इतकी वर्षं उघडे पाहिले होते, तरी तिचा हात सवयीने चालला. शेजारच्या काकी मला म्हणाल्या, "पाय उघडे कर गो त्याचे. माणसांना नमस्कार करू दे."

मी पायांशीच उभी होते. नुसता चादरीचा कोपरा उचलायचा होता. खोलीत चाळ जमलेली, सासरची माणसं, ऑफिसातल्या दोघी. मनात आलं, हे पाय दिसले की सगळ्यांची नजर तिथून सरकून माझ्या मोज्यांवर येईल.

मी वाकले आणि चादरीवरूनच नमस्कार केला.